पिवळ्या कार्डाची तक्रार

१४ मार्च

उर्वशी वकिलीण म्हणाली, "दसरूभाऊ, जे झालं ते तारखेनिशी लिहून ठेवा जी. पुढं पुरावा म्हनून कामी येईन." म्हणून ही वही. कागदावर लिहायची मराठी मला पोस्टाने शिकवली, तीच इथं चालवतो. तोंडची भाषा मधे घुसली तर घुसू दे.

तर मी दसरू मडावी. एटापल्लीपासून आत जंगलात आमचं गाव. चौतीस वर्षं इथलं शाखा डाकघर मी माझ्या घराच्या पडवीत चालवलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. ऑफिस पंचायतीच्या खोलीत गेलं, दिव्यानी नावाची नवी पोरगी ते बघते. लाल पेटी मात्र अजून माझ्याच पडवीच्या खांबाला आहे. न्यायला कोणी आलं नाही, मीही आठवण दिली नाही.

चौतीस वर्षांत एक मनीऑर्डर इकडची तिकडे झाली नाही. मालक समोर उभा असल्याशिवाय एक पाकीट फोडलं नाही. गावात वाचणारे कमी, म्हणून मी पडवीत उभा राहून मोठ्याने वाचायचो आणि अख्खं गाव ऐकायचं. कोणाचा पोरगा तेलंगणात कामाला लागला, कोणाची लेक बाळंत झाली, सगळं या पडवीतच हसून-रडून झालेलं आहे.

आता घात कसा झाला ते. माझी एकुलती एक लेक दीपिका, वय तेवीस, मूल शहरात एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न जमलं होतं. पोरगा दिनेश, आलापल्लीकडचा, वनरक्षक. आम्ही गोंडांत सात देवांचे, ते सहा देवांचे, कुळं वेगळी, म्हणजे सोयरीक बसत होती. सहा मे तारीख धरली होती. नऊ मार्चला दिनेशचा काका आला. पाणी दिलं तर प्यायला नाही. फोन पुढे करून म्हणाला, "पोरीचं पिवळं हाय म्हनते. आमाले काऊन नाई सांगतलं?"

फोनवर आमच्या गावाची सिकलसेलची यादी होती. जानेवारीत नागपूरच्या एका संस्थेने गावात येऊन रक्त तपासलं होतं. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे दोष रक्तात आहे पण माणूस धडधाकट. लाल म्हणजे आजारी. दीपिका संक्रांतीला घरी आली होती, तिनेही रक्त दिलं. यादीत एक्केचाळिसावं नाव तिचं, पुढे 'पिवळे'. ती यादी तालुक्याच्या कोणकोणत्या ग्रुपवर फिरून राहिली आहे, देव जाणे.

मी म्हणालो, पोरगा पांढरा असला तर पिवळ्याने काही बिघडत नाही, दोघं पिवळे असले तरच पोरांना धोका, कार्डावरच छापलं आहे. काका म्हणाला, "आमच्यात कोनाले काईच नाई." आणि उठला. जोहारसुद्धा केला नाही.

त्या संस्थेच्या कॉम्प्युटरमधून माझ्या पोरीचं रक्त चव्हाट्यावर गेलं. मी त्यांना सोडत नाही.

१७ मार्च

उर्वशी विचारते, यादी कधी तुमच्या हातात होती का? होती. लपवायचं काय त्यात, लिहितो.

दोन फेब्रुवारीला संस्थेची बाई कार्डांची बंद पाकिटं आणि सही-अंगठ्याची यादी घेऊन आली. तिला त्या दिवशी अजून तीन गावं करायची होती. म्हणाली, भाऊ, ज्याचं त्याच्या हातात द्याल का? मला हसू आलं. बाई, दुसरं केलं काय मी जन्मभर? एका तासात निम्मं गाव उरकलं. लोकांना वाचता येत नाही, तर एकेकाचं नाव पुकारलं, पाकीट फोडलं, रंग सांगितला, काय काळजी घ्यायची तेही वाचून दाखवलं. जे रानात होते त्यांना हेलपाटा पडू नये म्हणून यादी पडवीच्या भिंतीवर लावून ठेवली. भाताची खळ करून, चारी कोपरे नीट दाबून. रोजगार हमीची लागते, रेशनची लागते, तशीच. चार दिवसांनी हलक्या हाताने सोडवली, कुठं फाटू दिली नाही, संस्थेला परत पाठवली आणि पोच घेतली. पोच माझ्याजवळ आहे. म्हणजे माझ्याकडून काही बाहेर गेलं नाही हे कागदोपत्री सिद्ध आहे.

दीपिकाचं पाकीट तिच्या वतीने मीच घेतलं, उघडून बघितलं आणि ट्रंकेत ठेवलं.

१८ मार्च

आमच्याकडे टॉवर फक्त टेकडीवर धरतो. माझी बायको कलाबाई, तिला घेऊन वर गेलो. घरात फोन एकच, माझा. स्पीकरवर ठेवतो, म्हणजे तिलाही ऐकू जातं. शेजारची मंगली मोहफुलांची टोपली घेऊन उतरत होती, तीही थांबली.

"तक्रार टाकून राह्यलो," मी दीपिकाला सांगितलं. "दिल्लीपर्यंत जाईन."

"राहू द्या ना बाबा."

"काऊन राहू देऊ? आपली इज्जत गेली."

मग म्हणाली, "स्पीकरवर हाय का?"

हाव म्हटलं. मग तिने आईला, जेवण झालं का, मंगलीकाकूला, मोह कसा आहे, एवढं विचारलं आणि ठेवला. पोरगी खचली आहे. तिच्यात लढायची ताकद नाही, म्हणून बापानेच लढलं पाहिजे.

२ एप्रिल

संस्थेचं उत्तर आलं. म्हणतात, आमच्या कॉम्प्युटरमधून काही गेलेलं नाही. जे फिरतं आहे तो कागदाचा फोटो आहे. वा रे वा! चोर तो चोर, वर शिरजोर. कागद तर मी परत केला!

उर्वशी एटापल्लीला आली होती, तिने तो फोटो आपल्या फोनवर मोठा करून दाखवला. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, उजवाही काही धड नाही. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात. एका कोपऱ्यात काहीतरी लाल होतं. संस्थेचा शिक्का असेल. मी तिला म्हटलं, हे लाल नीट लिहून घे, पुरावा आहे.

उर्वशी फी घेत नाही. तिचा बाप लटारूभाऊ सिंदेवाहीला पोस्टात होता, माझ्याच वेळचा. म्हणते, बाबा असते तर त्यांनी तुमचं काम मला करायलाच लावलं असतं. गोड पोरगी आहे, पण सारखी एकच गोष्ट विचारते. "दीपिकाचं काय म्हननं हाय?" मी म्हणतो, तिचं काय म्हणणं असणार!

१९ एप्रिल

आज तक्रार गेली. माहितीच्या भानगडींसाठी वेगळं मंडळ आहे म्हणे, सगळं कॉम्प्युटरवरच चालतं, तिथं जायला लागत नाही. एटापल्लीच्या सेतू केंद्रात प्रफुल म्हणून पोरगा आहे, त्याने रकाने भरले.

"माहिती कोनाची?"

"दीपिका दसरू मडावी."

"अर्जदार?"

"दसरू मडावी."

"तिची संमती पायजे काका. ती मोठी हाय ना?"

"मी बाप हाय तिचा. कन्यादान मी करनार, मंग संमती दुसऱ्या कोनाची?"

प्रफुलने डोकं खाजवलं आणि फोन नंबर माझा टाकला. मागणी काय, या रकान्यात मी तीन गोष्टी सांगितल्या. यादी सगळ्यांच्या फोनातून पुसावी. संस्थेने चूक कबूल करावी. आणि दिनेशच्या घरच्यांना लेखी कळवावं की पोरीत काही खोट नाही, लग्न करावं. तिसरी टाकताना तो म्हणाला, काका, हे कोर्टात बसते का? मी म्हटलं, तू टाक.

६ मे

आज लग्न राहिलं असतं.

मांडवासाठी तोडलेले बांबू मागे पडून आहेत. कलाबाई सकाळपासून त्यांच्याच आजूबाजूला झाडत होती. झाडलेलंच पुन्हा झाडत होती. मी म्हटलं, "बस कर वो." तर म्हणाली, "तुमी वाचा तुमचे कागद." इतकी वर्षं झाली, अशी कधी बोलली नव्हती.

मंगलीची रिना अजून माहेरीच आहे. मोहाला आली म्हटलं तर मोह कधीच संपला. आता तेंदूपानं तोडायला थांबली असेल. विहिरीवर भेटली, मी विचारलं, "का वो रिना, जावई कधी येते न्यायले?" तिने कळशी उचलली आणि गेली. हल्लीच्या पोरींना बोलायची रीत राहिली नाही.

दीपिकाचा फोन नाही.

३० जून

मंडळाचा निकाल आला. उर्वशीने टेकडीवर फोन करून समजावला. मी दगडावर बसून ऐकला, नंतर दोनदा पुन्हा सांगायला लावला.

एक, ज्याची माहिती, तक्रार त्यानेच करायची. मुलगी सज्ञान आहे, तिने काही म्हटलेलं नाही. दोन, फिरणारा फोटो भिंतीवर चिकटवलेल्या कागदाचा आहे. कॉम्प्युटरमधलं असतं तर आम्ही बघितलं असतं, भिंतीवरच्या कागदावर आमचा अधिकार नाही. संस्थेने यादीवर रंग छापायला नको होता, याबद्दल तिला समज दिली आहे. तीन, दंड जरी केला असता तरी तो सरकारजमा होतो, अर्जदाराला काही मिळत नाही. आणि लग्न हा आमचा विषय नाही.

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणजे काय पैशासाठी गेलो होतो? आणि भिंत कोणाची, ते लिहिलंच नाही. संस्थेच्याच ऑफिसची भिंत असेल!

यावर दिल्लीच्या न्यायाधिकरणात अपील होतं. करायचं म्हटलं. उर्वशी म्हणाली, "मंग आता तुमची वही पाठवा. मी नीट वाचते." उद्या एसटीने पाठवून देतो.

२१ जुलै

वही परत आली. उर्वशी स्वतः घेऊन आली, पाऊस असताना, गडचिरोलीहून. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पडवीत बसली. कलाबाईने चहा दिला. उर्वशी इकडे तिकडे बघत होती, मग खांबाकडे बघत राहिली. फोन काढून तो फोटो उघडला आणि हात लांब करून पेटीच्या बाजूला धरला.

"दसरूभाऊ, सतरा मार्चचं पान तुमीच लिहिलं ना जी?"

"मंग कोन लिहीन?"

"परत वाचलं का कधी?"

मी नाही म्हणालो. तिने वाचून दाखवलं. भाताची खळ, चारी कोपरे नीट दाबून. हळू वाचत होती, पण घरात कलाबाईची भांडी वाजायची थांबली, म्हणजे तिलाही ऐकू गेलं. मग उर्वशी म्हणाली, "कोपऱ्यातलं लाल पाहा." मी फोन डोळ्याशी नेला. दिसेना. तिनेच माझं बोट धरून पेटीवर ठेवलं.

"पन मी कागद परत देल्ला," मी म्हणालो. "पोच हाय."

पोस्टात एक वस्तू एकाच जागी असते. इथून निघाली की इथं नसते. पोच मिळाली की आपण सुटलो. चौतीस वर्षं मी हेच खरं धरून चाललो. कोणी उभ्या उभ्या भिंतीवरची यादी फोनात घेऊन जाईल आणि कागद तिथंच राहील, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

उर्वशी म्हणाली, टाकलेलं अपील मागे घेऊ. मी म्हटलं, नको, राहू दे तसंच. काऊन, ते मलाही माहीत नाही.

२२ जुलै

काल एक लिहिलं नाही ते लिहितो. नाहीतर पुरावा अर्धाच राहील.

यादी लावली तेव्हा दीपिकाचं नाव मी बघितलं होतं. तिच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं. मनात आलं, या एका ओळीवर पट्टी लावावी. खळ हातात होती, कागदाचा तुकडाही होता. मग वाटलं, लोक म्हणतील पोस्टमास्तरने सगळ्यांचं उघडं ठेवलं आणि आपल्या पोरीचं तेवढं झाकलं. इतक्या वर्षांचं माझं इमान तिथंच बुडालं असतं. म्हणून नाही लावली. वर त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

त्या यादीत पिवळे अकरा होते, लाल तीन. लालमधे एक नाव रिनाचं.

२५ जुलै

मंगलीकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. मंगलीने खाट टाकली, पाणी दिलं. रिना आत कण्हत होती, तिचे सांधे दुखून राहिले होते. मंगली म्हणाली, "सासरचे म्हनते, आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली. अंगनवाडीतल्या बाईच्या फोनात नाव पाह्यलं म्हने." आणि मग मलाच विचारलं, "मास्तर, तुमी एवढी तक्रार करून राह्यले, आमच्या रिनाचंही त्यात टाका ना."

मी हाव म्हणालो. पाणी प्यालो आणि घरी आलो. थू माझ्यावर.

२३ ऑगस्ट

पोळ्याला दीपिका आली. दोन दिवस बैलांच्या मागे, आईच्या मागे, माझ्याकडे नाही. आज जायच्या आधी मी पडवीत तिला थांबवलं.

"बाई, ते यादी मीच लावली होती."

"मले माहीत हाय."

"उर्वशीनं सांगतलं?"

"कोनी नाई सांगतलं. मार्चमधेच फोटो पाह्यला मी. आपली पेटी मले ओळखू नाई येनार? लहानपनी तिले धरून लोंबकळत होती मी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी स्पीकरवर होते, बाबा."

ती पायरीवर बसली. राग नव्हता तिच्या आवाजात, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मले माझं पिवळं नर्सिंग कॉलेजातच माहीत झालं होतं. दिनेशले मी स्वतःच सांगतलं, सोयरिकीच्या आधीच. त्यानं त्याचं मले सांगतलं. आमी दोघं डॉक्टरकडे जानार होतो, मंग पुढचं ठरवनार होतो. आमचं आमी ठरवनार होतो."

आता दोघांनी डॉक्टरकडे जायचं काय काम? पोरगा तर पांढरा, काकाच म्हणाला, आमच्यात कोणाला काही नाही. मी तसं विचारलं. तिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं.

"त्याचं ते त्याचं हाय, बाबा. मी नाई सांगनार."

"अवं पन त्यांनी तुले नाव ठेवलं, अन् तू त्याचीच बाजू घेऊन राह्यली?"

"पाकीट माझं होतं," ती म्हणाली. "बंद होतं."

बस आली म्हणून गेली. आलापल्लीला गाडी बदलताना फोन करते दरवेळी, मी टेकडीवर जाऊन बसतो. आज नाही केला. दिनेशबद्दल ती काय बोलली ते मला अजून उमगलेलं नाही. पण काहीतरी आहे, जे तिने मुठीत धरून ठेवलं आहे, आणि बापालाही उघडून दाखवलं नाही.

१८ सप्टेंबर

आज न्यायाधिकरणासमोर हजर झालो. म्हणजे प्रफुलच्या सेतू केंद्रात, कॉम्प्युटरसमोर, इस्त्रीचा सदरा घालून. बाजूला उर्वशी. काचेत तीन माणसं. मधल्या बाई हिंदीत बोलल्या, मला सगळं समजलं. मी आधी ठरवलं होतं तडतड बोलायचं, पण त्या इतक्या सभ्यपणे बोलल्या की मीही खालच्या आवाजात बोललो.

पहिलंच विचारलं, "मुलगी कुठं आहे?"

"मूलले. कामावर."

"तिला हे अपील हवं आहे?"

उर्वशी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "नाई. तिनं मार्चमधेच राहू द्या म्हटलं होतं."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, मग आमच्यासमोर तक्रारच नाही. मी विचारलं, निदान फोनातलं तरी पुसता येईल का? त्या म्हणाल्या, कोणाकोणाच्या फोनात आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही, आम्हालाही नाही. घराघरात शिरून पुसायचा अधिकार आम्हाला कायद्याने दिलेला नाही. लग्नाचंही तेच. आम्हाला वाईट वाटतं, पण वाईट वाटण्यावर आदेश निघत नाही.

तेव्हा मी उठून उभा राहिलो. प्रफुल म्हणाला, काका, बसा, कॅमेऱ्यात डोकं नाई येऊन राह्यलं. मी बसलो नाही.

"बाईसाहेब, कागद मी लावला. पेटी माझी, भिंत माझी, खळ माझ्या हातची. चौदा जनांची नावं होती रंगाची. माझी पोरगी एक. रिना म्हनून पोरगी हाय, तिले सासरच्यांनी हाकलून देल्लं. संस्था सोडा. मले शिक्षा द्या."

कॉम्प्युटरमधे काही वेळ कोणीच हललं नाही, मला वाटलं लाईन गेली. मग बाई म्हणाल्या, "दसरूजी, तुम्ही संस्था नाही, कंपनी नाही. गावातला एक माणूस, भिंतीवर एक कागद. तुम्हाला शिक्षा द्यायचा अधिकार आमच्याकडे नाही."

"मंग कोनाकडे हाय?"

अपील फेटाळलं, आदेश पोस्टाने येईल म्हणाल्या. पुढची केस लागली.

बाहेर येऊन उर्वशीने चहा पाजला.

२० सप्टेंबर

मंगलीकडे गेलो. या वेळी सांगितलं. रिनाही समोर होती.

मंगलीने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. ती म्हणाली, "तुमीच वाचून दाखवत होते ना मास्तर सगळं. आमाले वाटलं, चांगलंच असन." रिना उठून आत गेली.

बाकीच्या बारा घरीही जायचं आहे. आज दोन झाली. एकाने दार लावून घेतलं.

१५ ऑक्टोबर

आदेश आला. दिव्यानी रजिस्टर पाकीट घेऊन पडवीत आली, सही घेतली, पाकीट दिलं आणि निघाली. मी म्हटलं, "काय आलं, कुठून आलं, विचारत नाई का वो?" ती म्हणाली, "तुमचं पाकीट हाय काका, मी काऊन विचारू?"

सरळच म्हणाली, टोमणा नव्हता. मी मात्र दिवसभर तेच चघळत बसलो.

तिला सांगून टाकलं, लाल पेटी पंचायतीकडे घेऊन जा. खांबाला चार खिळ्यांची भोकं राहतील, राहू दे.

९ नोव्हेंबर

आज कलाबाईच्या नावाने पत्र आलं. साधं पाकीट, वर मूलचा शिक्का, अक्षर दीपिकाचं. 'सौ. कलाबाई मडावी'. आमच्या घरी पत्र यायचं तर माझ्याच नावाने यायचं. आता तर कोणी पत्रही लिहीत नाही. फोन आहे. पण फोन माझा आहे.

अडीच महिने पोरीची खबर नव्हती. मूललाच आहे की कुठे दुसरीकडे चालली, बरी आहे का, दिनेशशी काही बोलणं झालं का, सगळं त्या पाकिटात असणार. दिव्यानीने ते थेट कलाबाईच्या हातात दिलं. कलाबाईला अक्षर येत नाही. मी चष्मा पुसला आणि सवयीने हात पुढे केला.

तिने पाकीट उलटसुलट बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं. मग पदर डोक्यावर घेतला, चपला घातल्या आणि मंगलीच्या घराकडे निघाली. रिना आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली आहे.

मी पडवीत बसून राहिलो. खांब मोकळा दिसत होता. मंगलीचं दार लोटल्याचा आवाज आला. एरवी आमच्या गावात दिवसा दार कोणी लोटत नाही.

तासाभराने कलाबाई परत आली. पाकीट हातात नव्हतं, कमरेला कुठं खोचलं असेल. रडून आली की हसून, ते चेहऱ्यावरून मला कळलं नाही, डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. मी विचारलं नाही. तिने भात वाढला आणि आम्ही जेवलो.